कीबोर्ड थांबवा, वचन ऐकू द्या

प्रति,
ख्रिस्ती मेळावे, अधिवेशनं आणि संजीवन सभा भरवणाऱ्या समित्या, तसंच त्यांच्या व्यासपीठावरून वचन सांगणारे पाळक आणि उपदेशक यांस,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मी पाळक नाही, उपदेशकही नाही. सभेत सगळ्यात मागे, ध्वनियंत्रणेच्या टेबलाशी बसणारा माणूस आहे. तुम्हाला व्यासपीठावरून लोकांचे चेहरे दिसतात, मला त्यांच्या पाठी दिसतात. सभेत चेहरा सांभाळायची सवय सगळ्यांनाच असते, पाठ सांभाळायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. कुठल्या वाक्याला अख्खी रांग स्तब्ध झाली, चुळबुळ कुठून सुरू झाली, मांडीवरचे मोबाईल कधी उजळायला लागले, हे मागून स्वच्छ कळतं. या पत्रामागे माझा अधिकार एवढाच.

आधी तक्रार सांगून टाकतो. उपदेश संपत आला की उपदेशक डोळे मिटतो आणि डाव्या हाताची दोन बोटं कमरेजवळून हळूच वर उचलतो. कीबोर्डवाल्याला ती खूण पाठ असते. तो पॅड लावतो, म्हणजे एकच लांबलचक सूर, ज्याला धड सुरुवात नाही की शेवट नाही. मग माझं काम सुरू होतं. मी त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, इतका सावकाश वर सरकवतो की सूर नेमका कधी आला हे कुणाला सांगता येऊ नये. उपदेशकाच्या माईकला जरासा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, देतो. कुणीतरी दिवे मंद करतं. आणि त्यानंतर व्यासपीठावरून प्रश्न येतो, "आत्मा इथं संचार करत आहे, तुम्हाला जाणवतंय ना?"

जाणवतं. न जाणवून सांगेल कुणाला? फेडर त्यासाठीच तर वर गेलेला असतो.

गैरसमज नको. पवित्र आत्मा आलाच नव्हता असं मी म्हणत नाही. कीबोर्ड वाजत असतानाही त्याला यायचं तर तो येतो, त्याला कोण अडवणार? पण त्याचं काम कुठलं आणि माझ्या फेडरचं कुठलं, हे ऐकणाऱ्याला वेगळं काढता येऊ नये अशी सोय आपण मुद्दाम करून ठेवली आहे. ती मोडावी एवढ्याचसाठी हे पत्र.

"याला उपदेशाची किंमतच नाही," असं तुमच्यापैकी काही जण म्हणतील. माझी भीती नेमकी उलटी आहे. उपदेशात ताकद नसती तर मी हे पत्र लिहिण्यात वेळ घालवला नसता. उघड्या बायबलमधून बोलणारा एक माणूस हजारो लोकांना हलवू शकतो, त्यांचे खिसे उघडू शकतो, त्यांची वैरं मिटवू शकतो आणि त्यांना भलत्या वाटेलाही लावू शकतो. अशी वस्तू हातात असणाऱ्याने ती कशी धरावी, याबद्दल मला बोलायचं आहे.

माझ्या धंद्यातल्या माणसाला आवडेल अशी एक हकीकत आहे. १७३९ साली जॉर्ज व्हाइटफिल्ड हा इंग्लिश उपदेशक अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पोचला. त्याच वर्षी त्याने ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला कोळसा खाणीतल्या मजुरांसमोर उघड्या मैदानात उपदेश करायला सुरुवात केली होती. काजळलेल्या गालांवर अश्रूंचे पांढरे ओघळ दिसत होते, असं वर्णन आहे. फिलाडेल्फियात तो कोर्टाच्या पायऱ्यांवरून बोलत होता आणि गर्दीत बेंजामिन फ्रँकलिन उभा होता. फ्रँकलिन स्वतः काही व्हाइटफिल्डच्या पंथाचा नव्हता, पण माणूस चौकस. हा आवाज जातो तरी कुठवर, हे बघायला तो नदीच्या दिशेने मागे मागे सरकत गेला आणि रस्त्याच्या गलक्यात शब्द हरवेपर्यंतचं अंतर त्याने मनाशी धरलं. तेवढ्या अंतराचं अर्धवर्तुळ कल्पून, माणशी दोन चौरस फूट जागा देऊन त्याने हिशेब मांडला: तीस हजारांहून जास्त लोकांना हा माणूस ऐकू जाऊ शकतो. माईक नाही, स्पीकर नाही, मॉनिटर नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा धंद्यावरचा विश्वासच थोडा डळमळला.

हाच फ्रँकलिन पुढे लिहितो की व्हाइटफिल्ड जॉर्जियातल्या अनाथाश्रमासाठी पैसे गोळा करत होता. ती योजना फ्रँकलिनला पटलेली नव्हती, म्हणून एक दमडीही द्यायची नाही असं ठरवून तो सभेत बसला. खिशात मूठभर तांब्याची नाणी, तीन-चार चांदीचे डॉलर आणि पाच सोन्याची नाणी होती. उपदेश पुढे सरकला तसं तो मऊ पडला आणि तांब्याची नाणी द्यायचं त्याने ठरवलं. आणखी थोडं ऐकल्यावर त्याला त्याचीच लाज वाटली आणि चांदीही द्यावी असं वाटलं. शेवट असा जबरदस्त झाला की त्याने सोन्यासकट सगळा खिसा ताटात उपडा केला.

ही गोष्ट अर्पणाच्या वेळी पुष्कळदा सांगितली जाते आणि इथंच थांबवली जाते. पुढची गोष्ट अशी. जॉर्जिया वसाहतीत तेव्हा गुलामगिरीला बंदी होती. ती उठवावी म्हणून जोर लावणाऱ्यांत व्हाइटफिल्ड स्वतः होता, कारण अनाथाश्रमाचा खर्च भागवायला जमीन कसायची होती आणि त्यासाठी फुकटची माणसं हवी होती. १७५१ मध्ये बंदी उठली. अनाथाश्रमाच्या जमिनीवर गुलाम राबू लागले. १७७० मध्ये व्हाइटफिल्ड वारला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात ती माणसंही मालमत्ता म्हणून होती.

मग त्याच्या उपदेशात देवाचं सामर्थ्य नव्हतं का? होतं. हजारो लोक खरोखर बदलले, खाणीतल्या मजुरांची घरं बदलली. अवघड गोष्ट तीच आहे. सामर्थ्य खरं होतं, ज्याच्या तोंडून आलं तो माणूस एका ठिकाणी ठार आंधळा होता आणि त्याच्या वाणीने भारलेल्यांपैकी फार थोड्यांनी त्याला त्याबद्दल हटकलं. सभेवर जितकी पकड जास्त, तितके हटकणारे कमी. हे मी माझ्या टेबलावरून दर मोसमात बघतो. पकड असलेल्या उपदेशकाला वेळ संपल्याची चिठ्ठी द्यायलासुद्धा समितीतला कुणी पुढे होत नाही.

प्रेषित पौलाला ही खोच माहीत होती. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो सांगतो की संदेश देणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. बिरुया गावचे लोक पौलाचंच बोलणं शास्त्रलेखांत रोज पडताळून बघत होते आणि त्याबद्दल बायबलमधली 'प्रेषितांची कृत्ये' त्यांना मनाने थोर म्हणतात. पौलाचा उपदेश तपासणारे थोर, आणि आपल्या पाहुण्या वक्त्याला प्रश्न विचारणारा मात्र बंडखोर, असं कसं चालेल?

आता नहेम्याच्या पुस्तकातला आठवा अध्याय काढा. मेळाव्याबद्दल बायबलमध्ये याहून सविस्तर वर्णन मला तरी सापडलेलं नाही. पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे लोक जमले आहेत: पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजेल असे सगळे. मुद्दाम बांधलेल्या लाकडी मंचावर शास्त्री एज्रा उभा आहे. बंदिवासातून परतलेल्या, मोडकी वेस नुकतीच बांधून काढलेल्या लोकांसमोर तो पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नियमशास्त्र वाचतो. लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जमलेल्यांना अर्थ उकलून सांगतात, म्हणजे वाचलेलं समजावं. कार्यक्रम एवढाच. आणि लोक रडायला लागतात.

इथं थांबून विचार करा, आपण काय केलं असतं? हजारो माणसं रडताहेत, खरे अश्रू आहेत, वचन ऐकून आलेले. आपल्याकडे याच क्षणाची वाट बघितली जाते. दोन बोटं वर जातात, फेडर वर जातो, "पुढे या, उशीर करू नका, हा तुमचा शेवटचा प्रसंग असू शकतो." नहेम्या, एज्रा आणि लेवी काय करतात? ते लोकांना शांत करतात. रडू नका म्हणतात. घरी जा, चांगलंचुंगलं खा, ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. आजचा दिवस पवित्र आहे, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ. त्या अश्रूंवर कुणी काही वसूल करत नाही.

आणि लोक जातात. का, तर सांगितलेलं त्यांना समजलं होतं. बाराव्या वचनात आनंदाचं कारण तेच दिलं आहे.

दुसऱ्या दिवशी घराघरांतले वडीलधारे आपणहून एज्राकडे परत येतात, आणखी शिकायला. वाचता वाचता मांडवांच्या सणाची आज्ञा सापडते आणि ते डोंगरावरून डहाळ्या आणून मांडव घालतात. सात दिवस रोज वाचन चालतं. मग नवव्या अध्यायात, त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी, ते उपास करून, गोणपाट नेसून एकत्र येतात आणि पापांची कबुली देतात. दहाव्यात करार लिहून त्यावर नावानिशी शिक्के मारतात. पहिला दिवस महिन्याची पहिली तारीख होती. अश्रू पहिल्या तारखेला, पश्चात्ताप चोविसाव्या. मधल्या काळात पुस्तक बंद झालेलं नव्हतं.

आपण हा सगळा प्रवास शेवटच्या बारा मिनिटांत उरकायला बघतो. "पुढे या" हे आवाहन आता इतकं अंगवळणी पडलं आहे की ते प्रेषितांपासून चालत आलं असावं असं वाटतं. तसं नाही. व्हाइटफिल्ड आणि त्याच्याच काळातला मेथडिस्ट उपदेशक जॉन वेस्ली यांच्या सभांत ही पद्धत नव्हती. १८३०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स फिनी या उपदेशकाने पुढच्या रांगेत वेगळे बाक ठेवून, आत्म्याची चिंता लागलेल्यांनी तिथं येऊन बसावं, ही रीत रूढ केली. तिचा उपयोग झाला नाही असं नाही. पुष्कळांचं आयुष्य त्या चार पावलांनी बदललं असेल. पण ही माणसाने काढलेली रीत आहे, संस्कार नव्हे, एवढं तरी व्यासपीठावर लक्षात राहू द्या. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्राने कुणाला हात वर करायला सांगितलं नाही. त्याच्या उपदेशाची जी नोंद आहे ती मोठ्याने वाचली तर काही मिनिटांत संपते. सुरुवात तर 'ही माणसं प्यालेली नाहीत, अजून सकाळचे नऊच वाजलेत' अशा खुलाशाने आहे! आधी योएल संदेष्ट्याचं वचन, मग स्तोत्रं, मग ज्याला तुम्ही वधस्तंभावर खिळलं त्यालाच देवाने प्रभू केलं ही घोषणा. तेवढ्यावर लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली आणि त्यांनी विचारलं, बंधुजनहो, आम्ही काय करावं? प्रश्न समोरून आला. मागाहून जे सुमारे तीन हजार मिळाले ते प्रेषितांच्या शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिले, हेही तिथंच लिहिलं आहे.

आवाजाचं एक उलटं उदाहरण. ८ जुलै १७४१ रोजी न्यू इंग्लंडमधल्या एनफिल्ड गावी जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने नरकदंडावर उपदेश केला. त्याचा आवाज बारीक होता, हातवारे जवळजवळ नव्हते, लिहून आणलेल्या कागदांवरून तो बोलत असे. तिथं हजर असलेल्या एका पाळकाच्या रोजनिशीत नोंद आहे की लोकांचा आक्रोश इतका वाढला की एडवर्ड्सला थांबावं लागलं. हाच उपदेश त्याने आधी स्वतःच्या मंडळीत केला होता आणि तिथं असा गहजब झाल्याची नोंद नाही. कागद तेच, आवाज तोच. म्हणजे ती ताकद त्याच्या खिशात नव्हती. आणि मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं: १७४६ मध्ये त्याच एडवर्ड्सने अख्खा ग्रंथ लिहून मांडलं की रडणं, ओरडणं, अंग थरथरणं यावरून देवाचं काम झालं असंही ठरत नाही आणि झालं नाही असंही ठरत नाही. पुढचं वागणं बघा, असं त्याचं म्हणणं. ज्याच्या सभेत लोक किंचाळले त्यानेच हे लिहावं, याला प्रामाणिकपणा म्हणतात. (तोही घरात गुलाम बाळगून होता. पारख कुणालाच चुकत नाही.)

टाळ्यांचंही तेच. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्तोम हा नामांकित उपदेशक बोलायला लागला की लोक मध्येच टाळ्या पिटत. कॉन्स्टँटिनोपलला 'प्रेषितांची कृत्ये' समजावून सांगताना त्याने एकदा साफ सांगितलं की मला टाळ्या नकोत, शांतपणे ऐकण्याचा नियमच करू या. त्या वाक्यालाही टाळ्या पडल्या. याच क्रिसोस्तोमने एका उपदेशात श्रोत्यांना बजावलं होतं की पैशांच्या पिशव्या घरी ठेवून येत जा, कारण तुम्ही माझ्या बोलण्यात गुंगलात की खिसेकापूंचं फावतं. उपदेश रंगला याची इतकी खात्रीची पावती दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल.

गर्दीच्या आकड्यांबद्दल थोडं रागाने लिहिणार आहे.

मेळावा संपला की अहवाल निघतो: इतके हजार उपस्थित, इतक्या शेकड्यांनी निर्णय घेतला. खुर्च्या किती मांडल्या होत्या हे मला माहीत असतं, कारण मागचे स्पीकर कुठवर लावायचे ते त्यावरच ठरतं. एकच भाऊ तिन्ही संध्याकाळी हात वर करतो आणि तीन निर्णय मोजले जातात, हेही मी बघतो. १९४८ साली बिली ग्रॅहम आणि त्याचे सहकारी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी एका खोलीत बसले आणि फिरत्या उपदेशकांची बदनामी कशामुळे होते याची त्यांनी यादी केली. त्यातून चार गोष्टी ठरल्या: पैशांचा व्यवहार स्वच्छ, परस्त्रीशी एकांत टाळायचा, स्थानिक मंडळ्यांची निंदा नाही आणि उपस्थितीचे आकडे फुगवायचे नाहीत. व्यभिचार आणि पैशांच्या रांगेत त्यांनी खोटे आकडे बसवले. आपल्याकडे आकडा फुगवणं म्हणजे विश्वासाने बोलणं!

१८५० सालच्या जानेवारीत इंग्लंडमधल्या कोलचेस्टर गावात हिमवादळ होतं. पंधरा वर्षांचा एक मुलगा जायचं होतं त्या चर्चपर्यंत पोचू शकला नाही आणि वाटेतल्या एका लहानशा मेथडिस्ट चॅपलमध्ये शिरला. आत डझन-पंधरा माणसं. पाळक आलाच नव्हता. एक किडकिडीत माणूस, चांभार किंवा शिंपी असावा, बोलायला उभा राहिला. त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून तो यशया ४५:२२ हे एकच वचन धरून राहिला: माझ्याकडे वळा आणि तारण पावा. मग त्या मुलाकडे बघून थेट म्हणाला, तरुणा, तू फार दुःखी दिसतोस. तो मुलगा म्हणजे पुढे नामांकित उपदेशक झालेला चार्ल्स स्पर्जन. सात वर्षांनी, ७ ऑक्टोबर १८५७ रोजी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याला ऐकायला २३,६५४ माणसं होती. बोलणाऱ्या त्या कारागिराचं नाव आजही खात्रीने सांगता येत नाही. त्या रविवारचा अहवाल आपल्या समितीने लिहिला असता तर 'हवामानामुळे अल्प प्रतिसाद' असा लिहिला असता.

स्पर्जनचीच आणखी एक तारीख समित्यांनी पाठ करावी. १९ ऑक्टोबर १८५६. लंडनच्या सरे गार्डन्समधलं सभागृह खच्चून भरलं होतं, कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. आग नव्हतीच. बाहेर पडायच्या वाटा अडवून खुर्च्या मांडू नका. एवढं सांगून पुढे जातो.

औषधांबद्दल मात्र मला पुढे जाता येत नाही. "विश्वास असेल तर आज रात्रीपासून गोळ्या बंद," हे वाक्य मी माझ्या स्पीकरमधून बाहेर पडताना ऐकलं आहे. ऐकणाऱ्यांत मधुमेहाची, फिट्सची, मनाच्या आजाराची माणसं बसलेली असतात आणि व्यासपीठावरचा शब्द त्यांना डॉक्टरच्या शब्दापेक्षा वजनदार वाटतो. उपदेशाचं सामर्थ्य म्हणतात ते हेच, आणि इथं ते जिवावर उठतं. येशूने दहा कुष्ठरोग्यांना काय सांगितलं? जाऊन स्वतःला याजकांना दाखवा. त्या काळी माणूस बरा झाला की नाही हे तपासून सांगायचा अधिकार याजकाचा होता. प्रभूला तपासणीचं वावडं नव्हतं. ज्याला तपासणी नको असते त्याच्या हाती माईक देऊ नका. आणि असं वाक्य पुन्हा आलं तर समितीच्या अध्यक्षांनी त्याच व्यासपीठावरून, त्याच सभेत, त्याच माईकवर ते दुरुस्त करावं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून केलेली खासगी नाराजी त्या रुग्णाच्या घरी पोचत नाही.

पैशांचं थोडक्यात. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने सांगितलं की तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांच्याच हाती ती पाठवीन. मागणारा एक, मोजणारे आणि नेणारे वेगळे. उपदेशकानेच अर्पणाचं आवाहन करायचं, त्याच्याच माणसांनी ते मोजायचं, ही पद्धत कितीही आत्मिक शब्दांत गुंडाळली तरी पौलाची नव्हे.

लांबीबद्दल भांडण नको. पौल त्रोवसला मध्यरात्रीपर्यंत बोलला, खिडकीत बसलेला युतुख डुलक्या घेत तिसऱ्या मजल्यावरून पडला, आणि पौल खाली जाऊन त्याला कवटाळून परत वर येऊन उजाडेपर्यंत बोलतच राहिला. उलट पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये याजकांना सांगितलं की प्रवचन आठ मिनिटांपलीकडे नको, लोक झोपतात. योनाचा उपदेश तर एका वाक्याचा: चाळीस दिवस, मग निनवे उद्ध्वस्त. अख्खं शहर वळलं, आणि उपदेशक स्वतःच त्यावर रुसून बसला. घड्याळाचा इथं काही संबंध नाही.

कशाचा आहे, ते मला मागून जे दिसलं त्यावरून सांगतो. एका मेळाव्यात मुख्य वक्ते आले नाहीत आणि एका वयस्कर पाळकबाईंना ऐनवेळी उभं केलं. आवाज इतका हळू, की गेन वाढवत वाढवत मी फीडबॅकच्या, म्हणजे स्पीकर शिटी मारायच्या, काठावर नेला आणि फेडरवरचा हात काढायची सोय राहिली नाही. त्यांनी लूक पंधरा काढलं, उधळ्या मुलाची गोष्ट: घर सोडून गेलेला धाकटा परत येतो आणि बाप मेजवानी देतो. धाकट्या मुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. थोरल्याबद्दल बोलत राहिल्या: तो शेतातून येतो, गाण्याचा आवाज ऐकतो, चाकराला विचारतो, आत जात नाही. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो. "बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर आला," त्या म्हणाल्या. "एकदा धाकट्यासाठी, एकदा याच्यासाठी. आता सांगा, थोरला शेवटी आत गेला का?" लोक बायबल चाळायला लागले. त्या थांबल्या. पानं उलटण्याचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये येत होता. "लूकने लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

कीबोर्डवाला गोंधळला, त्याला खूणच मिळाली नव्हती. पाठी मात्र हलल्या नाहीत. नंतर मी केबल गुंडाळत होतो तेव्हा मांडवाच्या दारात तीन-चार माणसं अजून वाद घालत होती, गेला असेल की नाही. एक जण म्हणत होता, "मी त्याच्या जागी असतो तर गेलो नसतो." ते म्हणताना त्याचा आवाज मोठा झाला होता. उपदेश अजून चालू होता आणि उपदेशक तिथं नव्हता.

त्या बाईंनी उतारा उघडला, उताऱ्यात जे होतं ते समोर ठेवलं आणि स्वतः बाजूला झाल्या. पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे आलो तो अशक्तपणे, भीत आणि कापत, म्हणजे तुमचा विश्वास माणसांच्या ज्ञानावर नाही तर देवाच्या सामर्थ्यावर उभा राहावा. त्याचे टीकाकार तर त्याचं बोलणं टाकाऊ म्हणत, हे त्याने स्वतःच दुसऱ्या पत्रात नोंदवून ठेवलं आहे. आपल्याकडे वचन बऱ्याचदा सुरुवातीला एकदा वाचलं जातं, नंतर पाऊण तास वक्त्याच्या प्रवासाच्या, दर्शनांच्या आणि विरोधकांच्या गोष्टी चालतात. लोक घरी जाताना वक्त्याचं नाव घेऊन जातात.

तेव्हा समित्यांना माझं मागणं असं. वक्त्याला निमंत्रण देताना उतारा आधी विचारा आणि पत्रिकेत त्याच्या फोटोच्या जागी तो उतारा छापा. आवाहनाच्या वेळी वाद्यं बंद, दिवे पूर्ण. ज्याला पुढे यायचं आहे तो शांततेतही येईल, आणि त्याला दुसऱ्या दिवशी आपण का आलो हे आठवेल. उपदेशानंतर अर्धा तास वक्त्याने बायबल उघडं ठेवून खाली, लोकांत बसावं आणि ज्याला जे विचारायचं ते विचारू द्यावं; हे मान्य नसेल त्याला बोलावू नका, कितीही मोठा असला तरी. उपदेशकांना वेगळं काही मागत नाही. डाव्या हाताची ती दोन बोटं तेवढी आवरा.

आणि मेळाव्यानंतर चोविसाव्या दिवशी, पाहुण्याशिवाय, मंडपाशिवाय, आपापल्या मंडळीत त्याच उताऱ्यावर पुन्हा एकत्र बसायचं जाहीर करा. त्या दिवशी जितके येतील तेवढेच अहवालात लिहा.

आपला,
ध्वनियंत्रणा सांभाळणारा एक मंडळीचा सभासद